दोन वाजेचे नाना

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आमच्या कॉलनीत कुणी दुसऱ्याच्या अंगणात अनवाणी उभं राहून मोठ्यानं आकडे मोजत असेल, तर ते नाना असत. साधा वेडा माणूससुद्धा त्या वेळेला सावली बघून बसतो. नाना एका अंगणातलं मोजून झालं की चपला घालत आणि पुढच्या अंगणात जाऊन पुन्हा काढत. कॉलनीत नाना नावाची पाच-सहा माणसं आहेत, म्हणून यांना सगळे 'दोन वाजेचे नाना' म्हणत.

तीस वर्षं ते एका सरकारी रेस्ट हाऊसवर माळी होते. रिटायर झाल्यावर धुळ्याच्या कडेला, आमच्या कॉलनीत घर बांधलं. कॉलनी मुरमावर वसलेली. सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची, तीही हातभर रुंद नाही. घरं झाली, रंग झाले, नावाच्या पाट्या लागल्या, आणि मग प्रत्येकाला दारापुढची उघडी, भाजलेली जमीन डोळ्यांत खुपायला लागली. तिच्यावर पसरेल, पाणी मागणार नाही आणि ऊन सोसेल असं काहीतरी हवं, की माणसं नानांकडे जात. नानांची नर्सरी नव्हती, पाटी नव्हती, मोबदल्यात ते चहा घेत, तोही अर्धा.

त्यांची रीत ठरलेली होती. उन्हाळ्यात दोन वाजता यायचं. चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवायच्या, विहारात जाताना ठेवतात तशा. मग उघड्या जमिनीवर पाय रोवून मोजायला लागायचं. पाय उचलावाच लागला की आकडा सांगायचा आणि त्यावरून झाड ठरायचं. पाचच्या आत पाय उचलला तर "इथं कोरफड लावा आणि तिची माफी मागा." दहाच्या आत घाणेरी, चिनी गुलाब नाहीतर घोळ. पंधरापर्यंत हरळी. वीस-पंचवीसच्या वर गेले तर वेडेलिया, रिओ, असली जरा लाडावलेली मंडळी. तीसच्या वर त्यांना कधी जावं लागलं नव्हतं. एकदा कुणी त्यांना चुकून निंबाखाली उभं केलं, तर पाच आकडे मोजून खवळले आणि त्या निंबालाच म्हणाले, "आठे सावली शे. माले कसाले बलावं?"

माझी त्यांची ओळख लॉनवरून झाली. मी जळगावची, लग्न होऊन धुळ्याला आलेली. नवरा नरडाण्याला कारखान्यात, मी इथल्या एका लॅबमध्ये. मला दारात लॉन हवं होतं, मऊ, हिरवंगार. नानांनी विचारलं, "नळ कधी येतो?" म्हटलं, "आठवड्यानं." तर म्हणे, "लॉनला रोज पाणी लागतं. म्हणजे तुम्ही आंघोळ सोडणार का?" मग चपला काढल्या, आठ मोजले, आणि म्हणाले, "घाणेरी."

मला राग आला. दारात घाणेरी? शेताच्या बांधावरची? नाना शांतपणे म्हणाले, "नर्सरीत जा आणि लँटाना म्हणून मागा. जांभळ्या फुलांची, पसरणारी. पिशवीत घातलेली असली की तिचा वास येत नाही तुम्हाला." मी गेले, मागितली, आणि त्या माणसानं अगदी मानानं दिली. तरी लगेच लावू दिली नाही त्यांनी. उन्हाळ्यात जागा बघायची आणि आषाढात लावायची, हा नियम. म्हणजे मुळं खाली जाईपर्यंत पाऊस सांभाळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड आपलं आपण बघतं. आज आठ वर्षं झाली, माझ्या दारातली घाणेरी माझ्यापेक्षा निवांत आहे.

कॉलनीत असं बरंच हिरवं त्यांच्या पायांनी ठरवलं. एका घरी घोळ लावली, तर त्या बाईंनी पंधरा दिवसांत तिची डाळ घालून भाजी केली. नानांना कळलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं. खाल्ली तर पुन्हा फुटते. लॉन खाऊन बघा म्हणावं." पण मोजायला दुसऱ्या कुणाचे पाय मात्र त्यांना चालत नसत. मी एकदा म्हटलं, आमचं आम्ही मोजतो, तुम्ही उन्हात कशाला येता? तर म्हणाले, "तुमचे पाय स्लिपरनं बिघडलेत. त्यांचा आकडा धरून झाड लावलं तर मरेल बिचारं."

माणसांशी ते शुद्ध बोलत, झाडांशी अहिराणी. रोप मान टाकायला लागलं की शेजारी उकिडवे बसून म्हणत, "ऊठ व माय, ऊठ." आपण तिथं उभे असलो तरी आपल्याशी शुद्धच. मला 'लॅबवाल्या बाई' म्हणत, रागात असले की नुसतं 'बाई'.

आता विहाराचं सांगते. आमच्या विहाराच्या फाटकापासून दारापर्यंत तीस पावलं नुसता मुरूम, पश्चिमेचं ऊन थेट अंगावर. दाराशी चपलांचा ढीग नको म्हणून समितीनं चपलांचा स्टँड फाटकाशी केला. बुद्धपौर्णिमा येते मे महिन्यात. दुपारी भोजनदान असतं, आणि पांढऱ्या साड्या नेसलेल्या आमच्या आज्या फाटकाशी चपला काढून, एका हातानं निऱ्या धरून, ती तीस पावलं अक्षरशः उड्या मारत जायच्या. आत बसून तळपाय चोळायच्या, मग वंदना. स्टँड दाराशी हलवा, असं मी एकदा सुचवलं होतं. तो सिमेंटमध्ये पक्का बसवलेला आहे, असं उत्तर मिळालं.

समितीच्या अध्यक्षांच्या मनात पेव्हर ब्लॉक होते. नाना बैठकीत उठून म्हणाले, "ब्लॉक म्हणजे तवा. आज्या काय भाकरी आहेत?" बराच वाद झाला. शेवटी ठरलं, येत्या बुद्धपौर्णिमेपर्यंत नानांनी ती जागा हिरवी करून दाखवावी, नाहीतर ब्लॉक. हातात दोन महिने. नाना म्हणाले, "जागा बघतो." पैज लावली नाही, पण चेहरा पैज लावल्यासारखाच होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांनी मोजलं. आम्ही दहा-बारा जण फाटकाच्या सावलीत उभे. पंधरा झाले, वीस झाले, पंचवीस. नानांचा पाय हलेना. तीसला ते आपणच थांबले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "इथं खालून गारवा आहे. जुनी विहीर असणार." आम्हाला पटलं. नानांचे पाय म्हणजे काय! तीस आले म्हटल्यावर आषाढाचीही गरज नाही, म्हणून त्यांनी आपला नियम मोडला आणि वेडेलियाची रोपं लावली. आठवडाभरात सगळी करपून काळी पडली. नाना त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "बठ्ठं जयी गयं."

मग त्यांनी समोरच्या किराणा दुकानाच्या शेठना धरलं. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्याइतकेच धुळ्याचे. नानांचं म्हणणं, तुम्ही साबणाचं पाणी टाकता. शेठ हात जोडून म्हणाले, "नाना, मी प्यायला जार आणतो. तुमच्या झाडांवर ओतायला पाणी असतं तर मी आंघोळ नसती का केली?" नानांनी ऐकलं नाही. चार दिवस दुकानावरून मान वळवून जात राहिले. पुन्हा मोजलं तर चाळीस आले. रिओ लावली. तीही गेली. लोक आता तोंडावर काही म्हणत नव्हते, पण हसू दाबत होते. अध्यक्षांनी ब्लॉकवाल्याला जागा दाखवून आणली. नाना दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी दोन वाजता माझ्या दारात उभे. म्हणाले, "लॅबवाल्या बाई, चला. तुम्ही साक्षीला हव्यात. मी खोटं मोजत नाही."

मी गेले. फाटकाशी सवयीनं माझ्याही चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले. सहाला मी ओरडत सावलीत पळाले. नाना मोजतच होते. अकरा, बारा, तेरा. मला वाटलं, म्हातारा आता हट्टाला पेटलाय, माझ्यासमोर मिरवतोय. पस्तीसला त्यांनी पाय उचलला. तिथं मुरमावर ओला डाग होता.

"नाना, पायाला काय झालं?"

"कुठं?" नाना म्हणाले, आणि दुसराच पाय बघायला लागले.

तळपायाला रुपयाएवढा फोड फुटलेला होता. शेजारी आणखी दोन, जुने, चिघळलेले. त्यांना एकही माहीत नव्हता. मी लॅबमध्ये काम करते हो! सकाळी सात वाजल्यापासून लोकांच्या बोटाला सुई टोचून साखर बघते. महिनाभर हा माणूस चारचौघांत उभं राहून मोठमोठ्यानं आपला रिपोर्ट वाचून दाखवत होता, आणि मी सावलीत उभी राहून जुन्या विहिरीवर विश्वास ठेवत होते. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं. नानांनी विचारलं, "किती आले?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढं तर मी विहारातही मोजलं नाही."

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, पण तळव्यांची जाणीव गेली ती गेलीच. डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही, घरातही नाही, कधीच नाही. बोटांचं नानांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते शेठचं आणि वेडेलियाचं. दवाखान्यातून सुटल्यावर रिक्षा आधी दुकानाशी थांबवली, आतूनच शेठना हात जोडले आणि म्हणाले, "पाणी तुम्ही टाकलं नव्हतं. पायांनी मला फसवलं." शेठ काउंटर सोडून रस्त्यावर आले. मग लेक त्यांना फैजपूरला घेऊन गेली. जाताना मला म्हणाले, "तीस वर्षं या पायांवर झाडं लावली. आता कुणाला विचारू?" मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

त्या बुद्धपौर्णिमेला आज्यांनी उड्याच मारल्या. ब्लॉक मात्र बसले नाहीत. नानांची बोटं गेली आणि लगेच ब्लॉक बसवले, हे अध्यक्षांनाही बरं दिसेना. म्हणाले, "एक वर्ष जाऊ द्या."

मे महिना संपत आला असताना एक दिवस दुपारी बरोबर दोन वाजता फोन आला. फैजपूरहून. आधी केळीबद्दल तक्रार. "जिकडं बघावं तिकडं ठिबक. लेक म्हणते, पाय ठेवावा तिथं ओल. मोजण्यासारखं काही नाहीच." मग म्हणाले, "बेटा, विहारात जा. चप्पल काढ."

ते मला बेटा म्हणाले हे माझ्या लक्षात नंतर आलं. मी म्हटलं, "माझे पाय तर स्लिपरनं बिघडलेत ना?"

"बिघडलेले असू दे. खरं बोलतात ना? जा."

फोन कानाला लावून मी त्या मुरमावर उभी राहिले. शेठ दुकानातून बघत होते. पुन्हा सहाच. मी पळत फाटकाशी आले आणि सांगितलं.

"तुझे सहा म्हणजे माझे बारा," नाना म्हणाले. "हरळी."

हरळी म्हटल्यावर अध्यक्ष हबकले. शेतकरी मजूर लावून जी उपटतात, ती आपण बुद्धाच्या दारात लावायची? पण नानांचा भाऊ शिंदखेडा तालुक्यात शेती करतो, आणि त्याचा सगळा जन्म हरळी उपटण्यात गेलेला. आषाढात त्यानं एसटीनं दोन गोण्या भरून पाठवल्या आणि निरोप दिला, "आणखी लागली तर शेतासकट घेऊन जा." आम्ही बायकांनी मिळून लावली. पावसात तिनं मुरूम धरला. पाऊस गेल्यावर नळ येईल त्या दिवशी, संध्याकाळी, प्रत्येक घरची एक बादली. नाना फोनवरून चौकशी करत, नळाची आधी आणि माझी मग. होळीनंतर ती थोडी पिवळी पडली, पण जमीन सोडली नाही.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला नाना आले. पायांत जाड तळाचे, पट्टे लावलेले काळे सँडल. ते काढायची परवानगी नाही, म्हणून आत जाता येईना. अध्यक्ष म्हणाले, "नाना, तसेच चला, बुद्ध काही म्हणणार नाहीत." नाना म्हणाले, "ते नाही म्हणणार. मला बरं वाटणार नाही." शेठनी दुकानातली खुर्ची आणून फाटकाशी ठेवली. नाना तिच्यावर बसले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. दोन वाजले तसे मला म्हणाले, "चप्पल काढ."

मी चप्पल काढून हरळीवर गेले. तीस पावलं जाऊन तीस पावलं परत आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. नाना माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत होते.

"कसं लागस, बेटा?" त्यांनी विचारलं. माझ्याशी ते अहिराणीत कधीच बोलले नव्हते.

"जरा टोचते, नाना. पण भाजत नाही."

"किती झाले?"

 तीस पावलं जाऊन आले होते, आणि मला आठवणच राहिली नव्हती.

"मोजायचं राहून गेलं," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. खुर्ची थोडी पुढं सरकवून त्यांनी सँडल घातलेले दोन्ही पाय हरळीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आज्या त्यांच्यासमोरून आत जात होत्या, निऱ्या न धरता, हळू, एकमेकींशी बोलत.