शाळेसमोर बंद होणारा भोंगा

अष्टमी गावाच्या पुलाजवळ काकांची रिक्षा उभी असते. निवडणूक आली की टपावर भोंगा चढतो. पक्ष कुठलाही असो, प्रत्येक उमेदवाराला ते ‘साहेब’ म्हणतात आणि भाषण कितीही रंगलं तरी मान हलवत नाहीत. शाळेचं फाटक दिसलं की मात्र त्यांचा हात आपोआप हँडलजवळच्या बटणावर जातो. शाळा मागे पडेपर्यंत भोंगा बंद.

यंदा नगरपालिकेच्या प्रचारात बातमीसाठी मी एका उमेदवाराशेजारी त्या रिक्षात बसलो होतो. शाळा आली आणि माइक मुका झाला.

“काका, इथंच तर शिक्षणावर बोलायचंय,” उमेदवार म्हणाले.

“साहेब, आत पोरांचा पेपर चालू हाय.”

“दोन मिनिटं फक्त.”

“नाय.”

मोटारसायकलवरचा कार्यकर्ता जवळ आला. “आठ दिवस प्रचार बाकी हाय, काका. रिक्षा काय, दुसरी पण मिळते.”

काकांनी इंजिनही बंद केलं. खाली उतरून, एक हात हँडलवर ठेवून ते आम्हा दोघांसकट रिक्षा ढकलू लागले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. मी उतरलो नाही. उमेदवारही उतरले नाहीत.

शाळेची भिंत संपल्यावर त्यांनी बटण दाबलं. “बोला साहेब, शिक्षणावर.”

दुसऱ्या दिवशी काका पुलाजवळच होते, टपावर भोंगा नव्हता. शाळेच्या बाजूने दुसऱ्याच रिक्षाच्या भोंग्यातून त्याच उमेदवाराचा आवाज आला. तो फाटकापाशीही थांबला नाही. काकांचा हात आपल्या रिक्षाच्या बटणावर गेला आणि भाषण संपेपर्यंत तिथेच राहिला.