सार्जंट फिरींचा वर्ग

जुन्या वर्गमित्रांना एकत्र आणायचं ठरवलं की माणसं सापडायला वेळ लागतो, किस्से मात्र न बोलावता येतात. एक माणूस सापडला की त्याच्यासोबत चार किस्से येतात. त्यातले दोन आपल्याबद्दल असतात, आणि ते आपल्याला अजिबात आवडत नाहीत!

आमची शाळा झांबियातली. लष्करी छावणीतलं हायस्कूल. बाबा बडोद्यात गणित शिकवायचे, ते डेप्युटेशनवर तिकडे गेले आणि पाठोपाठ आई आणि मी. वर्ग लहानसा. तिथल्या सैनिकांची मुलं, भारतातून गेलेल्या डॉक्टर-मास्तरांची मुलं, आणि गावातल्या गुजराती दुकानदाराचा हसमुख. रोज सकाळी कडक गणवेश, बूट आणि परेड. मुलींनाही सूट नाही. परेड घ्यायचे सार्जंट फिरी, आणि ते 'डिसमिस' म्हणेपर्यंत रांग मोडायची नाही. आपसात आम्ही इंग्रजीत बोलायचो, अजूनही तसंच बोलतो. इथे मराठीत सांगतेय, एवढंच.

*

हसमुखला मी फेसबुकवर लंडन, लेस्टर, टोरांटो असं सगळीकडे शोधलं. तो निघाला बडोद्याजवळच्या पादरा गावात. माझ्या घरापासून तासाभराच्या आत!

पादऱ्याच्या बाजारात गेले आणि एका दुकानदाराला विचारलं, "आफ्रिकावाळा हसमुखभाई क्यां रहे छे?"

त्यानं मान वर न करता विचारलं, "कया? केन्यावाळा, युगांडावाळा के झांबियावाळा?"

झांबियावाळा समोरच खताच्या दुकानात बसला होता. पूर्ण टक्कल. मी म्हटलं, "सुलभा. झांबिया. मास्तरांची मुलगी." त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, संपलं.

"जरा चालून दाखव," तो म्हणाला.

मी गोणींच्या मधून चालून दाखवलं.

"हां, तूच ती! तुझ्यामुळे अख्खी रांग वाकडी व्हायची."

*

थॉमस आमचा मॉनिटर. त्याचे वडील छावणीत डॉक्टर होते, मूळचे केरळचे. नववीत त्याला मॉनिटर केलं ते आवाज मोठा म्हणून. पुढे ते पद त्याच्याकडून कुणी परत घेतलंच नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप अर्थातच त्यानं काढला. नियम केले. गुड मॉर्निंग नाही, फुलं नाहीत, फॉरवर्ड नाहीत. पहिल्याच आठवड्यात गुरदीपनं एक गुलाब टाकला. थॉमसनं तिला काढून टाकलं.

गुरदीप लुधियानाची. आयुष्यभर एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होती. तिनं थॉमसला फोन केला.

"थॉमस, बायको आहे घरात?"

"आहे."

"तिला दे."

दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते आजतागायत कळलेलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली : गुरदीप आता ॲडमिन आहे. पाठोपाठ दुसरी : थॉमसला ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

*

भेटायचं बडोद्यातच ठरलं, कारण माझ्या आईला आता प्रवास झेपत नाही, आणि म्वालेनं कळवलं होतं, "तुझी आई नसेल तर मी येत नाही." म्वाले म्हणजे जॉन म्वाले. वडील तिकडच्या सैन्यात होते, पुढे हाही गेला, ब्रिगेडियर होऊन रिटायर झाला. लुसाकाहून तो एकटाच आला.

पहिल्या सकाळी सहा वाजता गुरदीपनं आमच्या गॅलरीत उभं राहून बिगुल वाजवला. तिचे वडील छावणीच्या बँडचे मास्टर होते. बिगुल त्यांचा. लुधियानाहून तिनं तो सलवार-कमीझमध्ये गुंडाळून आणला होता.

सगळी सोसायटी उठली. आमचे हे आयुष्यभर कोयलीच्या रिफायनरीत प्लँटवर नोकरीला होते. हे अर्ध्या झोपेत जिना उतरले आणि पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. सायरन झाला की मोकळ्या जागेत जमायचं, ही यांची जुनी सवय. तिथून हे हातानं बाकीच्यांनाही बोलवत होते.

सेक्रेटरी शहाभाई गंजीफ्रॉकवरच वर आले. हात जोडले, आवाज खाली आणला. "सुलभाबेन, कोई गुजरी गयुं?"

थॉमसला गुजराती येत नाही. त्यानं मला अर्थ विचारला. मी सांगितला.

"त्यांना सांग," थॉमस म्हणाला, "सगळे जिवंत आहेत. मी हजेरी घेतली आहे."

*

त्याच सकाळी नाश्त्याला आईनं उकड करायला लावली. तांदळाची, ताकातली, वर लसणाची फोडणी. आई नव्वदीच्या आसपास आहे, पण स्वयंपाकघरात आवाज अजून तिचाच. वडिलांची नेमणूक दूर असायची म्हणून म्वाले शाळेत असताना वसतिगृहात राहायचा आणि शनिवारी आमच्याकडे जेवायला यायचा. आईच्या शाकाहारी स्वयंपाकातलं सगळं खायचा, कधी कुरकुर नाही. आई सगळ्यांना त्याचं उदाहरण द्यायची. मला तर फारच.

म्वालेनं दोनदा उकड घेतली. मग चमचा खाली ठेवला आणि उठून आईसमोर उभा राहिला.

"आई, एक सांगायचं राहिलंय. तुमच्याकडे जेवून मी थेट मेसमध्ये जायचो. मासे खायला. दर शनिवारी."

मी आईला मराठीत सांगितलं. खरं तर तिला सगळं समजलं होतं.

"त्याला सांग, मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "मेसच्या आचाऱ्याला मीच सांगून ठेवलं होतं, ह्याचं ताट झाकून ठेव म्हणून."

म्वाले बसला. त्यानं ताटली तिसऱ्यांदा आईपुढे केली.

*

शेवटच्या दिवशी गुरदीपची गाडी दुपारची. आम्ही सगळेच तिला सोडायला स्टेशनवर गेलो. इतके दिवस बोलून झालं, पण शाळा बंद झाली त्या सकाळबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. फलाटावरच्या बाकावर म्वालेनं तो काढला.

शेजारच्या देशातली लढाई तेव्हा हद्द ओलांडून आत आली होती. आम्ही परेडला उभे होतो. विमानं डोक्यावरून गेली, आणि टेकडीपलीकडे आवाज झाला. मुलं पळणार, तेवढ्यात सार्जंट फिरी ओरडले, "सावधान!" आम्ही होतो तिथे उभे राहिलो. मग ट्रक आले. नावं पुकारली गेली आणि रांगेतून एकेकाला उचलून नेलं. तिथल्या मुलांना त्यांच्या घरी पोचवलं; आम्ही भारतीय मुलं संध्याकाळी आई-बाबांसोबत विमानतळावर होतो. कुणाचा निरोप घेतला नाही.

"शेवटी रांगेत मी एकटाच उरलो," म्वाले म्हणाला. "सार्जंटनी मला हाताला धरून वसतिगृहात सोडलं."

पुढे ब्रिगेडियर झाल्यावर म्वाले त्यांना भेटायला त्यांच्या गावी गेला. फिरी खूप म्हातारे झाले होते. तरी उठले आणि त्यांनी ह्याला सॅल्यूट केला. मग विचारलं, "तुझा वर्ग कुठे आहे?"

"पांगला, सर."

"मी त्यांना सावधानमध्ये उभं केलं होतं. डिसमिस केलेलं नाही," फिरी म्हणाले. "भेटले तर तू कर."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

गाडी लागली. हमालानं गुरदीपची बॅग डोक्यावर घेतली. म्वाले उठला, त्यानं कोटाची बटणं लावली आणि आमच्यासमोर जाऊन उभा राहिला. कुणी काही सांगितलं नाही, पण आम्ही रांगेत उभे होतो. थॉमस, हसमुख, गुरदीप, मी. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते.

"क्लास!" म्वालेचा आवाज फलाटभर गेला. "डिसमिस!"

कुणी हललं नाही.

हमाल म्हणाला, "बेन, गाडी ऊपडे छे." गाडी हलायला लागली तसं परत म्हणाला.

गुरदीपची गाडी तिच्याशिवाय गेली.