घरच्या नारळापर्यंत चालणारं इंजिन

ऐंशीच्या दशकातली ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा चंद्रपूरला फौजदार होतो. तक्रारदार बाई सिंदेवाहीकडच्या दवाखान्यात नर्स होत्या. मुलीला लहानपणी पोलिओ झालेला. एसटीत चढणं जमेना, म्हणून तिचं कॉलेज सुटायची वेळ आलेली. नवरा-बायकोनं पोटाला चिमटा काढून एका दलालाकडून जुनी पेट्रोल मोटार घेतली आणि ती दुसऱ्याच सकाळी धक्का मारूनही चालू होईना.

"दलाल म्हणते, घरी नारळ फुटेपर्यंत इंजिन बंद करायचं नाई. तुम्ही वाटेत बंद केली, अपशकुन झाला," बाई म्हणाल्या. "साहेब, आम्ही बौद्ध. असलं काही मानत नाई. इंजिन खराब आहे ते खराब आहे!"

वरिष्ठ म्हणाले, "दिवाणी बाब आहे. कोर्टात जायला सांगा."

"तसं लेखी द्या, साहेब," मी म्हणालो. त्यांनी दिलं नाही. मी कलम ४२० खाली गुन्हा नोंदवला. माझी बदली झाली असती तर झाली असती!

दलालाच्या अंगणासमोरच्या चहावाल्यानं हळूच सांगितलं, "भाऊ, गिऱ्हाईक यायच्या आधी तो गाडी फिरवून आणते. थंडी गाडी कोणाले दाखवतच नाई."

मग काय! एका सकाळी न कळवता पंच आणि मोटार वाहन निरीक्षक घेऊन मी तिथं धडकलो. विक्रीच्या गाडीच्या बॉनेटला हात लावला. थंडगार.

"चालू कर."

"साहेब, आधी चहा तर..."

"चालू कर म्हणतो ना!"

स्टार्टर नुसता कण्हत राहिला. शिपायांनी धक्का मारला तेव्हा कुठे इंजिन खडखडत पेटलं आणि अंगणभर निळा धूर झाला. निरीक्षकांनी खालचा बोल्ट सोडला, तर काकवीसारखं घट्ट तेल गळायला लागलं. गिअरबॉक्सचं तेल इंजिनात! झिजलेल्या इंजिनाचा आवाज त्यानं दबतो, पण थंड झालं की ते आणखी घट्ट होतं आणि इंजिन फिरत नाही. बाईंच्या गाडीतही तेच निघालं.

ठाण्यात दोन्ही गाड्यांच्या तेलाच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या तेव्हा दलाल बोलायला लागला. "गरम असली का घरापर्यंत जाते, साहेब."

"आणि लोक परत आले तर?"

"नाई येत. एवढ्या जंगलाच्या रस्त्यानं माणूस वाटेत कुठी ना कुठी थांबतेच. मग त्याले वाटते, आपलंच चुकलं."

माझं डोकं सणकलं. फसवायचं ते फसवायचं, वर दोषही त्यांच्याच गळ्यात बांधायचा!

जामिनावर सुटताच त्यानं बाईंना निरोप धाडला: तक्रार मागं घ्या, चांगली गाडी उद्याच दारात उभी करतो. बाई मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. मुलीचं वर्ष त्या गाडीवर अडकलेलं, त्यामुळे निर्णय मी त्यांच्यावरच सोडला. बोलली ती मुलगीच.

"आई, मी कॉलेजजवळ खोली करून राहीन. मले ते गाडी नको. तू काऊन घाबरून राह्यली?"

तक्रार कायम राहिली. ते कळल्यावर त्यानं फसवलेले आणखी लोक जबाब द्यायला आले आणि दलालाला शिक्षा झाली. मुलगी खोली करून शिकली.

जुनी गाडी घेणारे आजही माझा सल्ला विचारतात. मी सांगतो, न कळवता सकाळी जा. बॉनेट गरम असेल तर सरळ परत फिरा. आणि कोणी शकुन-अपशकुनाची भीती घातली, तर त्याच्या तोंडावर चावी काढून घ्या आणि इंजिन थंड होईस्तोवर तिथंच ठाण मांडून बसा.