निरंक

“जाधव, नववी-दहावीत डबा न आणणारी मुलं किती? पाचच्या आत कळवा,” साहेब म्हणाले.

शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. तो दहावीपर्यंत नेणारं विधेयक येणार होतं, म्हणून तालुक्यांकडून माहिती मागवली होती. पूर्व साताऱ्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या आमच्या तालुक्यात आहाराचं काम माझ्याकडे होतं.

मी जवळच्या शाळेत गेलो. नववीच्या वर्गात उभा राहून म्हणालो, “डबा न आणणाऱ्यांनी हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. बाकीच्या मुख्याध्यापकांना फोनवरून असंच विचारायला लावलं. मग अहवालात लिहिलं, ‘निरंक’. म्हणजे असं कोणी नाही. केवढं सुटसुटीत काम!

आठवड्याने त्याच शाळेत तपासणीला गेलो. नववीच्या चार मुली खिचडीचं पातेलं घासत होत्या. मी भडकलो आणि शेरेबुकात लिहिलं, ‘विद्यार्थिनींना भांडी घासायला लावू नये.’ खाली झोकात सही ठोकली.

स्वयंपाक करणाऱ्या कोंडाबाई हळूच म्हणाल्या, “आवं साहेब, मी न्हाई लावत. त्याच येत्यात. बुडाची खरवड खात्यात आन् मग घासत्यात. गेल्या साली आठवीत हुत्या, तवा ताट मिळत हुतं.”

मी एका मुलीला विचारलं, “मग त्या दिवशी हात का वर केला नाहीस?”

तिने मान वर केली नाही. “पोरांच्या म्होरं कसा करायचा, सर?”

मला तिथे उभं राहवेना. ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं.

“दुरुस्ती पाठवू. पण पहिला अहवाल चुकीचा होता, असं लिहून द्यावं लागेल. सही तुमची आहे. देता?”

रिटायरमेंटला चार महिने उरले होते. पेन्शनची फाइल अडकेल, या भीतीने मी गप्प बसलो. आजही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

विधेयक बारगळलं. आहार आठवीपर्यंतच राहिला. माझ्या एका निरंकाने काय होणार होतं, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. भूक चारचौघांत विचारायची नसते, एवढं मात्र कळलं.

रिटायर होण्याआधी त्या शाळेत शेवटचा गेलो. पातेलं कोंडाबाई एकट्याच घासत होत्या. मुख्याध्यापकांनी उत्साहाने शेरेबुक पुढे केलं.

“साहेब, तुमचा शेरा त्याच दिवशी अमलात आणला. नववीच्या पोरींना आता स्वयंपाकघराकडे फिरकूसुद्धा देत नाही.”