मागणीपत्रकातली सातवी ओळ

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... "झोप झाली नसेल" असं मनात म्हणून पुढं जायचं, हा माझा शिरस्ता. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे याची थोडी लाज वाटते. पण जे झालं ते माझ्या डोक्यात कुठंच बसत नाही, म्हणून लिहिते.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटी बघते. तयार माल मोजायचा, मापात असेल तर पास, नसेल तर रिजेक्ट. बावीस वर्षं हेच काम. पिरनवाडीत घरी आई आणि मी, दोघीच. आई म्हणते, "हिला भाकरी वाढली तर आदी पट्टी लावून बघंल."

आई मूळची निपाणीची. तिचे आईवडील तंबाखूच्या वखारीत मजुरीला होते. तिची एक गोष्ट आम्ही जन्मापासून ऐकत आलो. जयंतीच्या सभेत तिनं भाषण केलं आणि ते गावातल्या पेपरात छापून आलं – 'कुमारी हौसा, वय अकरा' असं. मास्तरांनी पेपर वर्गात वाचून दाखवला, घडी घातली आणि घेऊन गेले. तिला तेव्हा धड वाचता येत नव्हतं. म्हणजे स्वतःचं छापलेलं नाव तिनं नुसतं ऐकलं, वाचलं कधीच नाही.

निपाणीचा मामा दर वेळी तिची खेचायचा. "आक्के, तुजं भाषण पेपरात आलतं, तर माजा शिनेमा आलता." सगळे हसायचे, आईही हसायची.

गेल्या वर्षी तिला काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला, उजवा किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून येताना रिक्षात ती एवढंच बोलली, "एकदा ते नाव बगितलं आस्तं गं. माजं मला वाचाय येतंय तवर."

मी म्हटलं, बघू.

निपाणीत एक जुनं वाचनालय आहे. तिथं त्या पेपरचे गठ्ठे आहेत असं कळलं. नात्यातल्या एका बारशाला गेले होते, तेव्हा तासभर तिकडे डोकावले. ग्रंथपाल साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. तिथली पद्धत अशी – गठ्ठे माळ्यावर असतात. रजिस्टर बघायचं, मागणीपत्रकावर गठ्ठ्यांचे नंबर लिहायचे, खाली एकूण किती ते टाकायचं, सही करायची. खाली कार्बन असतो. वरचा कागद त्यांच्याकडे, कार्बनचा आपल्याकडे. मग ते सवडीनं गठ्ठे उतरवून ठेवतात.

"पुडच्या शनवारी या," अण्णा म्हणाले. "त्या सोमवारी समदं स्कॅनिंगला बेंगळूरला जाणार. परत कवा येतंय कुणाला दखल."

म्हणजे एकच दिवस. मग मी माझ्या पद्धतीनं प्लॅन केला. शाळेच्या दाखल्यावर आईची जन्मतारीख एक जून आहे. त्यात अकरा वर्षं मिळवली. शिवाय टॉलरन्स म्हणून आधीची दोन वर्षं धरली, नंतरची तीन. जयंती एप्रिलात, म्हणजे दर वर्षीचा जानेवारी ते जूनचा गठ्ठा. हे सगळे विषम नंबरचे. ४७, ४९, ५१, ५३, ५५, ५७. एकूण सहा. तसं पत्रक तिथंच भरून, सही करून दिलं. घरी येऊन वहीत वेळापत्रकही आखलं – एका गठ्ठ्याला पंचेचाळीस मिनिटं, मधे जेवण, पाच वाजता परतीची बस. भिंग, पेन्सिल, मास्क, सगळं आदल्या दिवशी पिशवीत.

शनिवारी साडेदहाला पोचले. टेबलावर गठ्ठे मांडून ठेवलेले. मोजले तर सात.

"अण्णा, एक जास्त आलाय."

"तुमीच मागितलाय की ताई." त्यांनी माझं मागणीपत्रक पुढं केलं. "त्यो त्रेचाळीस नंबर लई तरास दिला बगा. रजिस्टरात न्हाईच त्यो. बेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस. आमी हरवला म्हणूनच धरून चाललोतो. तुमी लिवलाय म्हणून माळ्यावरचं कपाट सरकवून बगितलं, तर मागं पडल्याला."

मी कागद बघितला. सहा ओळी माझ्या. खाली सातवी ओळ, ४३. अक्षर माझंच. मी चार असा काढते की शाळेत त्यावरून छड्या खाल्ल्यात, तो दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. खाली 'एकूण ७', सही माझी. खाडाखोड कुठेही नाही.

पिशवीतून माझा कार्बनचा कागद काढला. पत्रकाचा छापील नंबर तोच. ओळी सहा. 'एकूण ६'.

दोन्ही कागद खिडकीपाशी नेले, एकावर एक ठेवून उजेडात धरले. पहिल्या सहा ओळी रेषेला रेष जुळत होत्या. सहीही जुळत होती. एकूणच्या जागी मात्र वर सात आणि खाली सहा. सातव्या ओळीच्या खाली कोरा कागद. मी पेन इतकं दाबून लिहिते की खालच्या पानावर वळ उठतात. तिथं बोट फिरवून बघितलं... काही नाही.

"कुणी हात लावला होता का याला?"

"कोण लावणार? पत्रकं खालच्या कपाटात, किल्ली माज्या कडदोऱ्याला," अण्णा म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.

माझं डोकं चालेना. वेळापत्रकाप्रमाणे ४७ पासून सुरुवात करायची होती. मी आधी ४३ ची दोरी सोडली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याचा अंक. आतल्या पानावर, तळाशी, सात ओळींची बातमी. 'वखार भागातील मुलांच्या सभेत कु. हौसा, वय ११, हिने "आम्हांस शाळा का हवी" या विषयावर निर्भीडपणे भाषण केले.'

मी तिथंच खुर्चीत बसून रडले, हे सांगायला हरकत नाही.

नंतर हिशेब लक्षात आला. हा गठ्ठा मी काढलेल्या वर्षाच्या चार वर्षं आधीचा होता. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच का असतो, ते तुम्हाला माहीत असेलच. जन्माची नोंद नाही, म्हणून हेडमास्तर बसल्या जागी तारीख घालायचे. आई दहा वर्षांची असताना पहिलीत गेली असणार, त्यांनी सहा लिहिली. म्हणजे माझं मोजमाप चोख होतं, पट्टीच चुकीची होती. त्या सहा गठ्ठ्यांत मी दिवसभर शोधत बसले असते, तरी ती बातमी मिळाली नसती. मग अशी कशी मिळाली? वर्ष मला माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, आणि तो गठ्ठा असल्याचं रजिस्टरलाही माहीत नव्हतं.

झेरॉक्स मोठी करून आणली. आईनं ती दारात उजेडाला धरली, उजव्या डोळ्याला भिंग लावलं, आणि एकेक अक्षर बोटानं सरकत वाचलं. कु. हौ. सा. मग परत पहिल्यापासून.

"म्हंजे मी चार वर्सांनी आनखी म्हातारी झालो की गं," शेवटी म्हणाली. आणि मामाला फोन लाव म्हणाली.

मामानं फोनवर बातमी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "आक्के, चुकलं माजं."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत. मूळचा अण्णांकडून मागून आणला. कार्बन सरकला असेल, मी नंतर ओळ घातली असेल, विसरले असेन... सगळं मांडून झालं, एकही मापात बसत नाही.

आणि एक इथंच सांगते, घरी सांगितलेलं नाही. तो सगळा प्लॅन मी बातमी शोधायला केला नव्हता. आईच्या गोष्टीवर माझाही विश्वास नव्हता. सहा गठ्ठे नीट बघून, मन साफ ठेवून तिला "नाही गं, शोधलं सगळं" म्हणता यावं, एवढ्यासाठी केला होता.

फोन ठेवल्यावर आईनं विचारलं होतं, "तुला बरं ठावं, कंचा गठ्ठा मागायचा त्ये?"

"लिहिला मी, लागला हाताला."

"मामानं न्हाय धरलं खरं," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला, "पर तुजा पयल्यापासनं इस्वास हुता."

ते ४३ ज्या हातानं लिहिलेलं आहे, तोच हात होता तो. मी तो तसाच तिच्या हातात राहू दिला.