पुकारेवाल्या काकांचा फ्रेंच जज्ज

न्याय, दया आणि फ्रान्स या तीन विषयांवर आमच्या पुकारेवाल्या काकांइतकं ठासून बोलणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. फ्रेंच तर सोडाच, त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. पण ही अडचण त्यांनी कधी मनावर घेतली नाही. ते माझे सख्खे काका नव्हेत. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या घरासमोर त्यांचं घर, आणि कोर्टाच्या दारात उभं राहून वादी-प्रतिवादींच्या नावांचा पुकारा करणं ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. नोकरी संपली, पुकारा संपला नाही. काकूंकडे चहा मागायचा तरी ते "चहा हाजिर हो!" असे ओरडत, आणि मोर्णा नदीच्या पलीकडचे लोक म्हणे आपापली चूल पेटवत. घरात न्यायदानही चालूच असे. दुधाचं पातेलं लवंडणाऱ्या मांजरीला त्यांनी एकदा रीतसर तीन वेळा पुकारलं. ती आली नाही म्हणून एकतर्फी निकाल देऊन तिला घराबाहेर काढलं, आणि संध्याकाळी स्वतःच वाटीभर दूध घेऊन तिला शोधत हिंडले. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "सजा झाली ना तिले? मंग उपाशी कावून मारू?"

फ्रान्स त्यांच्या आयुष्यात आला तो कोर्टातल्या बेवारस सामानाच्या लिलावातून. एका पेटीत जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली. त्यातल्या सर्वांत जाड पुस्तकाचा पुठ्ठा आणि पहिली काही पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे त्याचं नाव किंवा लेखक कोणालाच कळला नाही. गोष्ट फ्रान्समधली आहे एवढं मी वाचून सांगितलं, आणि काकांना ते पुरलं. मी तेव्हा कॉन्व्हेंटच्या शेवटच्या वर्गात होते. इंग्रजी येणारी आणि उलट न बोलणारी अशी गल्लीत मी एकटीच, म्हणून काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी ऊन उतरलं की काकांच्या ओट्यावर गल्ली जमायची. मी काकांच्या कानाशी बसून आधी इंग्रजी वाचायचे, कारण "मूळ कागद कोर्टापुढे आला पाह्यजे" असा त्यांचा हुकूम होता. मग हळूच मराठीत अर्थ सांगायचे, आणि काका तो वऱ्हाडीत पुकारायचे. माझा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. काकांच्या तोंडून तो पार नदीच्या काठापर्यंत जाई. ती मला फार सोयीची व्यवस्था वाटे. बर्फ पडलं असं मी सांगितलं तर काका म्हणत, "आभायातून पिंजलेला कापूस पडून राह्यला, लोकहो!" फ्रान्समधलं ते खेडं त्यांनी अमरावतीपलीकडे, तिवशाच्या थोडं पुढे, हमरस्त्यावर वसवलं होतं.

गोष्ट एका घोडेचोराची होती. मालकाचा घोडा चोरून तो तुरुंगात जातो, सुटून परत येतो, आणि गावातलं एकही दार त्याच्यासाठी उघडत नाही. त्याला शिक्षा देणारा म्हातारा जज्ज त्याच गावात राहतो आणि आपण न्याय केला की नुसती शिक्षा दिली, या विचाराने झुरतो. प्रकरण संपलं की काका गल्लीकडून निकाल घेत. ओट्यावर लोटा ठेवलेला असे. माफी द्यायची असेल तर त्यात सरकी टाकायची, सजा द्यायची असेल तर तुरीचा दाणा. नंतर सरकी म्हशीला जाई आणि तूर वरणात. पहिल्या काही रविवारी लोटा तुरीनेच भरला. काकू म्हणायच्या, "माणसं कठोर झाली की मले वरणाची चिंता नाई राहत."

हळूहळू सरकी वाढत होती, तेवढ्यात घड्याळवाले परत आले.

हे घड्याळवाले पूर्वी काकांच्या याच ओट्याच्या कोपऱ्यावर काचेची पेटी मांडून बसत. बायकोला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला म्हणून त्यांनी दुरुस्तीला आलेली पाच घड्याळं परस्पर विकली. त्यांत काकांचं निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ होतं, आणि वरच्या आळीतल्या हेडमास्तरांचंही. फिर्याद काकांनी दिली. घड्याळवाले अमरावतीच्या तुरुंगात गेले, आणि ते आत असतानाच बायको गेली. काकांनी नंतर मनगटावर घड्याळ बांधलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "किती वाजले?" विचारत आणि उत्तर ऐकण्याआधीच आत निघून जात. मला तो त्यांचा विक्षिप्तपणाच वाटायचा.

घड्याळवाल्यांनी ओट्याचा तो कोपरा पुन्हा मागितला. नाही मिळाला तर सोमवारच्या गाडीने नागपूर गाठायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिथेही ओळखीचं कोणी नव्हतं. काकांनी दोन दिवस कोणालाच काही पुकारलं नाही, इतके ते अडचणीत होते. शेवटी मला म्हणाले, "पोरी, कायद्यानं त्याची सजा संपली. माझी फिर्याद संपली का नाई, हे मले कोन सांगन?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "आपला फ्रेंच जज्ज सांगन! शेवटचं प्रकरण राह्यलं ना? त्यानं चोराले दार उघडलं तं मी ओटा देतो. नाई उघडलं तं नाई देत." काकूंनी कपाळावर हात मारला. "आवो, त्या पुस्तकाले काय मालूम आपल्या गल्लीचं?" पण काकांचा हुकूम सुटला होता.

त्या रविवारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. घड्याळवाले दूर कडुनिंबाखाली, कोणाच्या नजरेला नजर भिडणार नाही असे बसले होते. मी वाचू लागले. घोडेचोर जज्जाचं दार वाजवतो. जज्ज आत कडीवर हात ठेवून उभा राहतो. उघडावं की नाही, या विचारात वेळ जात राहतो. अखेर तो दार उघडतो. बाहेर बर्फावर परत गेलेल्या पावलांचे ठसे, बाकी काही नाही. पुस्तक तिथे संपत होतं.

मी इंग्रजी वाचलं, अगदी जसंच्या तसं. मग कडुनिंबाकडे पाहिलं.

"काय झालं? बोल वं!" काका म्हणाले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"जज्जाने दार उघडलं," मी म्हणाले. "चोर पायरीवरच उभा होता."

काकांनी तो पुकारा असा केला की निंबावरचे कावळे उडाले. "दार उघडलं! गडी पायरीवर हाये!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात मागून हेडमास्तर उठले. जमलेल्यांत माझ्याखेरीज इंग्रजी येणारे ते एकटेच, आणि ते नेमके त्याच दिवशी पहिल्यांदा आले होते. "थांबा," ते म्हणाले. "इतक्या सहज? बघू गं ते पुस्तक." मी पुस्तक दिलं. मास्तरांनी चष्मा चढवला आणि शेवटचं पान वाचलं, पुन्हा वाचलं. पुस्तक धरलेलं त्यांचं मनगट काकांसारखंच अजून उघडं होतं. त्यांनी एकवार निंबाकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "भाषा कठीण आहे, पण मुलीने अर्थ नेमका सांगितला." पुस्तक परत देताना ते मलाच ऐकू येईल असं पुटपुटले, "हे जपून ठेव. दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नकोस."

लोट्यात सगळी सरकी निघाली, तुरीचा एकच दाणा. काकांनी भुवया ताणून सर्वांकडे पाहिलं तेव्हा काकू म्हणाल्या, "थो माहा होय. घरात वरन नाई काय करा लागत?" मग काकांनी धोतर सावरलं, कोर्टाच्या दारात उभं राहावं तसे उभे राहिले आणि तीन वेळा पुकारा केला, "घड्याळवाले, हाजिर हो!" पहिल्या दोन पुकाऱ्यांना ते हलले नाहीत. तिसऱ्याला उठून आले.

आता मी अमरावतीला कॉलेजात असते. सुट्टीत अकोल्याला गेले की काका हटकून तीच गोष्ट मागतात. त्यांचा घसा बसला आहे. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली आहे. म्हणून आता ते माझ्या कानाशी कुजबुजतात आणि पुकारायचं मी. "फ्रान्सचे जज्ज मोठ्या दिलाचे," ते कुजबुजतात. "त्यानं येळेवर उघडलं म्हनून बरं. नाई तं म्याही उघडलं नसतं, पोरी." ते पुस्तक माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.

"सांग ना त्याईले," काका म्हणतात. समोर चारदोनच माणसं असतात. मग मी उभी राहते आणि मला जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडते, "दार उघडलं!"

ओट्याच्या कोपऱ्यावर काचेच्या पेटीमागे घड्याळवाले डोळ्यावरचं भिंग काढतात, वर बघतात, आणि पुन्हा कामाला लागतात.