पाळकसाहेबांचं ताट विमलबाईंच्या घरी

त्या नाताळात चर्चमध्ये देवाच्या प्रीतीवर साक्ष द्यायचं, म्हणजे स्वतःचा अनुभव सगळ्यांपुढे सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी पेचात सापडले. मालेगावातली आमची चर्चची मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. त्यातल्या एका घराशी माझा वर्षभर अबोला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या नाताळात गाण्याच्या सरावाला विमलबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "बाई, तुमी गाऊ नका, नुसतं तोंड हालवा." तीस वर्षं शाळेत प्रार्थना घेतलेल्या बाईला हे! रोज प्रभूपुढे मी त्यांना क्षमा करत असे, आणि रस्त्यात त्या दिसल्या की दुसऱ्या गल्लीनं जात असे.

नाताळच्या सकाळी फराळाची ताटं घरोघर पाठवायची आमची रीत. विमलबाईंचं ताट मी भरलंच नाही. सगळ्यांत देखणं ताट आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं: जाळीदार अनारसे, खुसखुशीत करंज्या, वर माझ्या हातचा क्रोशाचा रुमाल. आमचे हे ते घेऊन गेले आणि दहा मिनिटांत हात हलवत परत आले.

"साहेबाच्या घरी कुलूप होतं. बाजूले विमलबाई आपल्या दारात उभ्या होत्या, त्यायले देऊन देल्लं."

मी पदर खोचला आणि तशीच निघाले. वाटेत प्रार्थना केली ती एवढीच, की प्रभू, त्यांनी अजून रुमाल काढलेला नसू दे.

रुमाल निघाला होता. विमलबाई एकट्या राहतात. त्या ओट्यावर बसल्या होत्या, हातात अर्धा अनारसा. मला पाहताच उठल्या, डोळे भरलेले. "बाई, मी लय वंगाळ बोलली होती. लाजेनं आज चर्चात येनारच नोती. तुमीच मोठ्या मनाच्या, आधी हात पुढं केला."

ताट परत द्या म्हणायला मी तोंड उघडलं, आणि आतून निघालं, "खा, खा." ते शब्द कुठून आले, हे मी आजही विचारत बसत नाही.

उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिले तेव्हा लिहून नेलेलं एक अक्षर वाचवेना. शेवटी खरं सांगून टाकलं: ताट चुकून गेलं होतं, आणि मी ते परत आणायला गेले होते. आमचे हे मान खाली घालून बसले.

मागच्या बाकावरून विमलबाई म्हणाल्या, "मले मालूम होतं, बाई! भाऊजींनीच सांगतलं, ताट साहेबाचं हाय, पन तुमीच खा."

"मग मला मोठ्या मनाची काहून म्हटलं?" मी तिथूनच विचारलं.

"तुमचं तोंड पायलं ना! म्हनलं, आधीच चांगलं म्हनून टाकावं, मंग मानसाले चांगलंच राहा लागते."

सगळे हसले, पाळकसाहेब सगळ्यांत जास्त. मला मात्र रडू आलं. आम्ही चांगले होऊ म्हणून देव वाट पाहत थांबला नाही. आम्ही कसे आहोत ते नीट पाहूनच त्यानं आपलं लेकरू आमच्या पदरात घातलं. इतकी वर्षं नाताळ केला, पण हे मला त्या बाईनं शिकवलं. प्रभूचे उपकार, की त्या दिवशी त्यानं माझं काहीच माझ्या मनासारखं होऊ दिलं नाही.

साक्ष तिथंच थांबवून मी मागच्या बाकाकडे गेले. विमलबाई सरकल्या आणि त्यांनी मला जागा दिली.